तिसऱ्या वर्षाला कोणते विषय आधी घेऊ? (इंटिरियर डिझाइन, घर अमळनेर)

बोरीकाठचा

सोमवारी संध्याकाळी पाचला आमच्या कॉलेजची विषयनोंदणी बंद होते. तोवर पाचव्या सेमिस्टरचे दोन विषय ठरवायचेत आणि मी चार दिवसांपासून वहीच्या एकाच पानावर खाडाखोड करतोय. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

घर अमळनेरला, जुन्या गावात. वडील सुतार. मी पुण्यात इंटिरियर डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीला आहे. दोन वर्षं झाली, ८८ क्रेडिट खात्यात जमा. पदवीला १६० लागतात. आमच्याकडे एका सेमिस्टरला कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २२ घेता येतात.

पाचव्यात सक्तीचे तीन: स्टुडिओ ८, वर्किंग ड्रॉइंग (कारागिराला द्यायची मापांसकट चित्रं) ४, बिल्डिंग सर्व्हिसेस ४. झाले १६. उरले सहा, म्हणजे तीन-तीनचे दोन विषय. ताटात चार आहेत: फर्निचर-१, एस्टिमेटिंग, थ्रीडी व्हिज्युअलायझेशन आणि जुन्या वास्तूचं मोजमाप. गोम अशी की थ्रीडी कधीही घेता येतं, बाकीचे तिन्ही फक्त विषम सेमिस्टरला. फर्निचर-२ सम सेमिस्टरला असतं आणि फर्निचर-१ झाल्याशिवाय मिळत नाही. सहाव्यात ऑन जॉब ट्रेनिंग, आठवं जवळजवळ सगळं थीसिसचं. म्हणजे जे काही करायचं ते पाच ते सात एवढ्यातच.

वर्गातले बहुतेक थ्रीडी घेतायत. मीही घेतलं असतं, पण मागच्या सेमिस्टरला एक झालं ते सांगतो. जळगावातल्या एका टू बीएचकेचं काम दिलं होतं, अर्थात कागदावरचं. मी हॉलची पश्चिमेची भिंत काढली आणि वरपासून खालपर्यंत काच लावली. छतात लपवलेले दिवे, फरशीवर संध्याकाळचं तिरपं ऊन. दोन रात्री लॅपटॉप त्याचं रेंडर, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र, बनवत होता. त्याचा पंखा असा ओरडायचा की रूममेट चादर घेऊन गॅलरीत झोपायला गेला. ज्युरीला रेंडर आवडलं. वैशाखात यात्रेला घरी आलो तेव्हा वडिलांना मोबाइलवर दाखवलं. चष्मा कपाळावर सारून, बोटांनी चित्र मोठं करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बठं चांगलं शे. पन कूलर कोठे लावशी?"

कूलर नव्हताच. कूलरची खिडकीच मी काढून टाकली होती. मे महिन्यात ४४-४५ डिग्री असणाऱ्या गावात पश्चिमेला काच, आणि तीन परीक्षकांपैकी एकानेही विचारलं नाही. पण ते पुण्याचे. मी तर इथल्याच उन्हात वाढलोय, मला का सुचलं नाही, हे जास्त लागलं.

शिकून झाल्यावर परत यायचंय. जळगाव, अमळनेर, जमलं तर धुळे. त्यामुळे एस्टिमेटिंग आत्ताच घ्यावं असं वाटतं, कारण इथलं गिऱ्हाईक पहिल्या भेटीत "किती लागतील?" हेच विचारतं. फर्निचर सोडून द्यावं म्हणतोय. लहानपणापासून बापाच्या हाताखाली आहे. प्लायची शीट आठ बाय चार, म्हणजे १२२० मिलिमीटर रुंद. ६०० चं शटर, म्हणजे कपाटाचं दार, धरलं की शीटच्या रुंदीत दोन बसतात आणि करवतीच्या पात्याला जागा उरते. ६५० चं काढलं की एकच, आणि ५७० ची पट्टी हातात. हे माझ्या वर्गातल्या मुलांना अजून माहीत नाही. मग त्याच विषयाला ९० तास का घालवू?

थीसिससाठी डोक्यात एकच गोष्ट आहे, आमच्या गल्लीतलं एक बंद पडलेलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

---

रेंडर_भाऊ

मित्रा, भावना समजल्या, पण थ्रीडी घे. मी पुण्यातच एका ऑफिसात आहे, इंटर्नसाठी येणारे पोर्टफोलिओ मीच चाळतो. एका पोर्टफोलिओला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत तुझं मोजमाप कोण वाचणार? चित्र दिसतं. सहाव्यात ट्रेनिंग आहे म्हणतोस, म्हणजे डिसेंबरात अर्ज करावे लागतील. तेव्हा हातात चार बरी रेंडर नसली तर बसशील कुठेतरी टाइलचे नमुने पुसत.

लॅपटॉपची रॅम वाढव आधी.

---

भुसावळ_जंक्शन

१४ वर्षं झाली मला या धंद्यात, सहा पुण्यात आणि आठ इथे. भुसावळ, जळगाव, सावदा, चोपडा, बोलावतील तिथे जाते. तुझ्या बाबांचा प्रश्न वाचून हसले आणि मग माझंच एक काम आठवलं.

इथे परत आल्यावरचं माझं दुसरंच काम. बेडरूममध्ये भिंतभर कपाट केलं, आतून-बाहेरून एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड), वर छान मॅट रंग. पुण्यात असंच करायचो. कपाटाला लागून खिडकी होती. फेब्रुवारीत काम संपलं, एप्रिलमध्ये त्या खिडकीला कूलर लागला. मेच्या शेवटी ताईंचा फोन, दार लागत नाही. जाऊन बघते तर खिडकीकडच्या शटरची खालची कड पावासारखी फुगलेली. बोट लावलं तर भुसा हातात आला. दीड-दोन महिने रात्रंदिवस ओली हवा त्या कडेवर मारली जात होती. दोन शटर माझ्या पैशाने बदलून दिली, पाण्याला टिकणाऱ्या बीडब्ल्यूआर प्लायची, चारही कडा सील करून. तेव्हापासून साइटवर गेले की आधी विचारते, कूलर कुठल्या खिडकीला लागतो.

हे तुला सांगतेय ते बिल्डिंग सर्व्हिसेससाठी. सक्तीचा म्हणून तू त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीयेस. तोच विषय नीट कर. तिथे एसीचं टनेज शिकवतील, डक्ट शिकवतील, कूलरचं एक पान असलं तर नशीब. तूच विचार. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढतो, पाणी उडून जाताना हवा थंड होते आणि ती घरात ढकलली जाते. जेवढी आत आली तेवढी बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. नसेल तर घर दमट होतं आणि थंडही होत नाही. म्हणजे कूलरची जागा ठरली की बेड कुठे, पडदा कुठला, कपाट कशाचं, स्वयंपाकघराच्या दाराला फट किती, सगळं ठरत जातं. पाण्याचा नळ, ओव्हरफ्लोचा पाइप, जमिनीपासून पॉइंटची उंची. जिप्समचं सीलिंग त्या झोतात आलं तर पट्ट्या कुठे लटकतात तेही. एखादा सेमिस्टर पेपर यावर लिही, परीक्षकालाही नवीन वाटेल.

आता विषयांचं. रेंडर_भाऊ म्हणतात ते त्यांच्या टेबलावरून खरं आहे, पण तू त्यांच्या टेबलाशी चार महिने बसणार आहेस, इथे पुढची तीस वर्षं. थ्रीडी कधीही मिळतं हे तूच लिहिलंयस. जे कधीही मिळतं ते शेवटी घ्यायचं. सॉफ्टवेअर तर दर दोन वर्षांनी बदलतं, तू शिकलेलं जुनं होणारच.

एस्टिमेटिंग आत्ता घेऊ नको. धंद्याला लागतं, पण कशावरून काढशील अंदाज? वर्किंग ड्रॉइंगवरून. आणि वर्किंग ड्रॉइंग तू याच सेमिस्टरला शिकतोयस. सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढता येत नाही तोवर त्यातलं प्लाय, सनमायका, चॅनेल, बिजागऱ्या मोजायच्या कशा? मग पाठ्यपुस्तकातलं तयार ड्रॉइंग देतात, मुलं आकडे भरतात, मार्क मिळतात. मी तसंच केलं होतं. सातव्यात घे. सहाव्यातलं ट्रेनिंग झालेलं असेल, मजुरी चौरस फुटावर धरतात की रनिंग फुटावर, गिऱ्हाईक कुठे घासाघीस करतं, हे कानावरून गेलेलं असेल. तेव्हा तो विषय तुला चावून खाता येईल.

मोजमाप मात्र आत्ताच. आठव्यात थीसिस, म्हणजे विषय सातव्यात मंजूर करून घ्यावा लागेल. सातव्यात मोजायला बसलास तर मंजुरीच्या वेळी हातात काय दाखवशील? पाचव्यात मोज, सहाव्यात घर डोक्यात मुरू दे, सातव्यात मांड.

आणखी एक, क्रेडिट मोजू नको, तास मोज. थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रॅक्टिकलचं ३०. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धर. स्टुडिओचे ८ म्हणजे आठवड्याला १६ तास, वर्किंग ड्रॉइंग प्रॅक्टिकल असेल तर ८, सर्व्हिसेस थिअरी ४. झाले २८. त्यावर प्रॅक्टिकलचे दोन विषय घेतलेस तर १२ वाढले, चाळीस. हे फक्त वर्गातले. शीट रात्रीच होते, तुला माहितीये.

---

बोरीकाठचा

ताई, चाळीस वाचून पोटात गोळा आला. मोजमापाचे तास मात्र सलग घेतात, दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस घरी राहून करायचं असतं. म्हणजे रोजच्या वेळापत्रकात ते नाही. पण मग दुसरा विषय कोणता? फर्निचर नको म्हणून तर मी एस्टिमेटिंगकडे वळलो होतो.

---

भुसावळ_जंक्शन

मग चौतीस. जमतील.

फर्निचरच घे. रागावू नकोस, पण तुला सुतारकाम येतं, फर्निचर डिझाइन येत नाही. मलाही यायचं नाही. वडिलांना शीटमधून काय निघतं ते कळतं. खुर्ची साडेसतरा इंचांवरच का आणि माझी साडेचार फुटांची सासू तिच्यावर बसली की पाय का लोंबकळतात, हे तुला कोणी सांगितलंय? शिवाय तुमच्या घरात ड्रॉइंग नसणार. बाबा शब्दावर काम करतात ना? "दोन फूट खोल, वर लॉफ्ट, मधे आरसा", झालं. तुला ज्याने तुझं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसाकडून काम करून घ्यायचंय, कागदावरून. ९० तास त्यासाठी आहेत.

आणि तुझ्या वर्गातल्या मुलांना शीटचं गणित माहीत नाही म्हणतोस, तर त्या विषयात तू पहिल्या आठवड्यापासून पुढे असशील. एखादा विषय सोपा जाऊ दे की बाबा, चौतीस तासांत.

---

रिटायर_ड्रॉइंग_मास्तर

मी इंटिरियरवाला नाही. फैजपूर-सावदा पट्ट्यातल्या शाळांत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. धाब्याचं घर वाचून थांबलो.

पोरा, ते घर मोजच. पण टेप घेऊन थेट आत शिरू नकोस. पहिला दिवस नुसता बसून काढ. ओट्यावर बस, मधल्या घरात बस, सकाळी उजेड कुठून येतो, दुपारी कुठे जातो ते बघ. छतात उजेडासाठी ठेवलेलं भोक असेल तर त्याचा कवडसा दर तासाला जमिनीवर खडूने आख. हे कोणत्याही टेपने मोजता येत नाही.

मग मोजायला लाग. आपल्याकडे घर खणांत सांगायचे, "पाच खणांचं घर". दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आधी खांब मांड, भिंती नंतर. भिंतीवर विश्वास ठेवू नको, जुन्या घरात एकही खोली काटकोनात नसते. चार बाजू मोजल्यास तर कागदावर खोली कशीही बसते, म्हणून दोन्ही कर्ण घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही. माप तुकड्यातुकड्याने घेऊन बेरीज करू नको, चुका साठत जातात. टेपचं टोक एका कोपऱ्यात पक्कं धर आणि खिडकी, कोनाडा, दार, सगळ्यांचे आकडे त्याच शून्यापासून वाच. भिंत किती झुकली ते ओळंब्याने, वर एक माप, खाली एक.

जमिनीची पातळी सगळीकडे सारखी नसते. त्यासाठी लेझर लागत नाही, वडिलांकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असणारच. दोन टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. सगळ्या घरातून एक आडवी रेघ फिरव, कोनाड्याची उंची असो की उंबऱ्याची, त्या रेघेपासून वर-खाली मोज. आणि वडिलांना बरोबर घे. माप तू मिलिमीटरमध्ये लिही, पण ते सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगतील, ते बाजूला तसंच लिही. ज्याने ते घर बांधलं तो इंच-सुतात, नाहीतर हातात मोजत होता. तीन फूट पाच इंच दोन सूत असा अडनिडा आकडा दिसला तर थांबून बघ, कुठेतरी चूक आहे किंवा काहीतरी मागाहून बदललंय.

धाब्याचा थर वरून पाहू नको, पडक्या कोपऱ्यात आडवा दिसतो तिथे जा. सागाच्या तुळया, त्यावर लाकडाच्या किलच्या, त्यावर पालापाचोळा किंवा गवत, मग मातीचा जाड थर, वर खारी माती. प्रत्येक थराची जाडी पट्टी लावून घे, फोटो काढताना पट्टी चित्रात ठेव. बंद घर आहे तर वर चालू नकोस, तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीने आतून खाल्लेलं असतं आणि बाहेरून कळत नाही. आधी वडिलांना हातोडीच्या दांड्याने ठोकून बघू दे, आवाजावरून त्यांना समजेल.

आमच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती, ती बांबू आणि आसपास मिळेल तेवढ्या सामानातून. शांतिनिकेतनातून माणूस आला आणि आपल्या केळी-कापसाच्या मुलखात जे दिसलं त्यातून उभं केलं. शाळेत मी दरवर्षी हे सांगायचो, मुलं जांभया द्यायची. तुला कदाचित उपयोगी पडेल.

---

रेंडर_भाऊ

सर, कवडशाला खडूने आखायची आयडिया भारी आहे. ही शीट पोर्टफोलिओत दिसली तर मी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबेन, कबूल. पण बोरीकाठच्या, निदान एक रेंडर ठेव रे. त्याच घराचं ठेव.

---

बोरीकाठचा

सगळ्यांचे आभार. आत्ताच वडिलांना फोन केला होता. घर ज्यांचं आहे ते सुरतेला असतात, चावी शेजारच्या काकूंकडे. दिवाळीत पंधरा दिवस उघडून देतील. पाण्याची नळी माळ्यावर आहे म्हणाले, "पन ती पिवळी पडनी." म्हणजे आतलं पाणी दिसायचं नाही, नवी घ्यावी लागेल. आणि हातोडीने ठोकायचं म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले, मी येतो, तू वर चढू नको. माझ्या कॉलेजच्या कामात त्यांनी पहिल्यांदा एवढा रस घेतला.

तर पाचव्यात मोजमाप आणि फर्निचर-१, एकूण २२. सहाव्यात सक्तीचे १६ आणि फर्निचर-२, म्हणजे १९. सातव्यात एस्टिमेटिंग धरून १९. थीसिसच्या सेमिस्टरला १८. आधीचे ८८ धरून १६६ होतात, सहा जास्तच. थ्रीडी कॉलेजात घेत नाही, ते सुट्टीत घरी शिकेन, रेंडर_भाऊंच्या समाधानासाठी.

सर्व्हिसेसच्या मॅडमना कूलरवर पेपर चालेल का म्हणून मेल केलाय. उत्तर आलं: "कूलरचं तांत्रिक संदर्भसाहित्य मिळेल का?" आता ते शोधतो.

एकच राहिलं. सहाव्यातलं ट्रेनिंग वडिलांकडे चालणार नाही, घरचं काम धरत नाहीत. पुण्यातच करावं की इकडे कुठे?

---

भुसावळ_जंक्शन

कूलरसाठी आधी तुझ्याच गल्लीतली दहा घरं मोज. कूलर कोणत्या दिशेला, समोर काय उघडं, कपाट कूलरपासून किती लांब, कशाचं, फुगलंय का. तेवढं लिहिलंस तर मॅडम संदर्भ विसरतील.

ट्रेनिंगला माझ्याकडे जागा आहे, जानेवारीपासून. पगार फार देत नाही, स्कूटरचं पेट्रोल देते. कॉलेजचं पत्र लागतं, मार्गदर्शकाची सही लागते, ते नोव्हेंबरातच करून घे. ऐन वेळी सहीसाठी मुलं जिन्यात उभी असतात. रोज सकाळी सव्वानऊला साइटवर. आणि ती फुगलेल्या शटरची कड मी अजून ठेवलीय ऑफिसात, आलास की दाखवते.